पवन टरबाइन, सागरी

सागरी पवन टरबाइन : समुद्रतळात रोवलेल्या पायावर अथवा तरत्या आधारावर उभारलेले, वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून वीज निर्माण करणारे यंत्र. समुद्रावरील वारा जमिनीवरील वाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक वेगवान व स्थिर असतो. परंतु पाया, उभारणी, केबल व देखभाल यांचा खर्च मोठा असल्याने वीज महाग पडते. म्हणून केवळ कार्यक्षमता वाढविणे हे यंत्राच्या अभिकल्पाचे उद्दिष्ट नसते. यंत्राच्या आयुष्यातील एकूण वीजनिर्मितीच्या मानाने एकूण खर्च किमान ठेवणे, हे ते उद्दिष्ट होय.

उपलब्ध शक्ती ही फिरत्या पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या व वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. बेट्स मर्यादेनुसार तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्ती मिळविता येते. पात्याची लांबी दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते. पण सर्व मापे त्याच प्रमाणात वाढविल्यास वजन आठपट होते. यामुळे लांब पात्यांत काचतंतूंच्या जोडीला हलके व ताठ कार्बन तंतू वापरतात. समुद्रात प्रत्येक यंत्रामागे स्वतंत्र पाया, केबल व देखभालीच्या फेऱ्या लागतात. साहजिकच थोडी पण मोठी यंत्रे किफायतशीर ठरतात. डेन्मार्कमधील विंदेबी येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या जगातील पहिल्या सागरी प्रकल्पात ४५० किवॉ. क्षमतेची ११ यंत्रे होती (तो २०१७ मध्ये काढून टाकण्यात आला). आता १० मेवॉ.हून अधिक क्षमतेची यंत्रे वापरात आहेत. काही यंत्रांत दंतचक्र पेटी वगळून जनित्र थेट पात्यांच्या आसाला जोडतात. त्यामुळे बिघाडाची एक जागा कमी होते, मात्र जनित्र जड होते.

महाराष्ट्रात १९८६ मध्ये रत्नागिरी येथे ५५ किवॉ. यंत्रांचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला गेला. पुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार व नाशिक विभागातील ब्राह्मणवेल (ता. साक्री, जि. धुळे) येथे मोठी पवनक्षेत्रे उभी राहिली. डोंगराळ भागात घाटरस्त्यांच्या वळणांमुळे पात्यांच्या लांबीवर मर्यादा पडते. जलमार्गाने वाहतूक केल्यास ती पुष्कळशी दूर होते. मात्र पश्चिम किनाऱ्यावर जोरदार वारा मुख्यतः पावसाळ्यात वाहतो आणि त्याच काळात समुद्र खवळलेला असल्याने दुरुस्ती अवघड होते. तेव्हा ऐन निर्मितीच्या हंगामात बंद पडलेले यंत्र फार महाग पडते. मध्यम वाऱ्यासाठी मोठी पाती हितावह असली, तरी चक्रीवादळात त्यांच्यावर मोठा भार येतो. यास्तव उत्तर समुद्रासाठी बनविलेला अभिकल्प येथे जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही.

भारत सरकारने २०१५ मध्ये सागरी पवनऊर्जा धोरण जाहीर केले व २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य मंजूर केले.