बरी झालीस ना?

पाच वर्षांची असताना मी खेळता खेळता मध्येच उकिडवी बसत असे. शेजारणी म्हणत, "पोरगी आळशी दिसते." आईला मात्र बसण्याआधी माझे ओठ आणि नखे जांभळी पडलेली दिसत, आणि जरा वेळाने रंग परत आलेलाही. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी तिला सांगितले, की ही युक्ती असली मुले स्वतःच शोधून काढतात. उकिडवे बसले की पायांकडच्या धमन्या दाबल्या जातात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि फुप्फुसांना चुकवून जाणारे रक्त थोडे जास्त त्यांच्याकडे वळते.

माझ्या आजाराचे नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. १८८८ मध्ये मार्सेच्या आर्थर फॅलो यांनी त्यातले चार दोष एकत्र मांडले: दोन जवनिकांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसधमनीची वाट अरुंद, महाधमनीचे तोंड त्या छिद्रावर सरकलेले आणि उजव्या जवनिकेची भिंत जाड झालेली.

यावर पहिला उपाय निघाला १९४४ साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. कल्पना हेलन टॉसिग यांची, शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लेलॉक यांची. पण ती आधी कुत्र्यांवर करून बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय प्रयोगशाळा साहाय्यकाने. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. तो ब्लेलॉक यांच्या मागे उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगत होता. हाताकडे जाणारी धमनी त्यांनी फुप्फुसधमनीला जोडली. मूळ दोष तसेच राहिले, रक्ताला आडवाट मिळाली. दहा वर्षांनी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून आतले दोषच दुरुस्त केले.

माझी ही दुरुस्ती १९८१ साली झाली. छिद्रावर ठिगळ लावले, अरुंद वाट कापून रुंद केली आणि तिथेही ठिगळ लावले. आईने नवस फेडला. त्या दिवसापासून घरात एकच शब्द होता: बरी झाली. चौदाव्या वर्षापर्यंत तपासण्या झाल्या, मग थांबल्या. स्थळे येऊ लागली तेव्हा आईने ब्लाउजचे गळे वर शिवून घेतले. नवऱ्याला मी सगळे सांगितले, त्याने विचारले, "पण आता बरी आहेस ना?" मी हो म्हटले. खोटे बोलत नव्हते. मला तेवढेच माहीत होते. मुलगी झाली, तेव्हाही कोणा हृदयतज्ज्ञाला विचारले नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी शाळेचे दोन जिने चढून गेले की फळ्याला टेकून उभी राहू लागले. छातीत मध्येच फडफड होई. लोहाच्या गोळ्या झाल्या, विश्रांती झाली. शेवटी जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांना पाहणाऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमची नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली?" मला सांगता येईना. आईच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, पिवळे पडलेले डिस्चार्ज कार्ड सापडले. वाट रुंद करताना ठिगळ झडपेच्या कड्यावरून नेले होते, असे त्यात एका ओळीत लिहिले होते.

उत्तर त्या ओळीत होते. कडे कापले की झडप नीट मिटत नाही. पस्तीस वर्षे प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे गळत होते आणि उजवी जवनिका ताणत चालली होती. एमआरआयने तिचे आकारमान मोजले. झडप बदलायला फार उशीर झाला, तर ताणलेली जवनिका पूर्वपदाला येत नाही; लय बिघडण्याचा धोकाही वाढतो.

२००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहॉफर यांनी शिरेतून नळी नेऊन, छाती न उघडता, फुप्फुसधमनीत झडप बसवली. माझी वाट त्यासाठी फार रुंद होती, म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप बसली. तीही कधीतरी झिजेल. तेव्हा तिच्याच आत नळीतून नवी बसवता येईल, अशी आशा आहे.

आज प्रगत देशांत हृदयदोष घेऊन जन्मलेल्यांमध्ये मुलांपेक्षा प्रौढ अधिक आहेत. शल्यचिकित्सेच्या यशानेच ही पिढी घडवली. पण बालरोगतज्ज्ञांचे दार वयाने बंद होते, आणि पलीकडच्या दवाखान्यांत मुख्यतः तुंबलेल्या धमन्यांचे रुग्ण असतात. हे ओळखून लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी मोठ्या झालेल्या या रुग्णांसाठी वेगळी सेवा उभी केली. आपल्याकडे अशा तज्ज्ञांपर्यंत पोचायला अजून बराच शोध घ्यावा लागतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा कागद जपणे, दरवर्षी तपासणी, दाताहिरड्यांची निगा आणि गरोदरपणाआधी सल्ला, एवढे तरी आपल्या हाती ठेवावे.

त्या कार्डाच्या तीन प्रती काढल्या. एक मुलीकडे आहे. आता कोणी "बरी झालीस ना?" असे विचारले, तर मी म्हणते, "दुरुस्त झाले आहे. पुढची तपासणी जानेवारीत."