पलंग ते ओटा

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. पाय ब्रेसमध्ये जखडलेला. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा आणि ओट्यापर्यंत चालून या." मला हसू आलं. त्यांनी तोवर मोबाईलवर स्टॉपवॉच लावलंसुद्धा.

मनातल्या मनात मी ५ सेकंदांत पोचलो. "लांबून स्वतःला बघत होतात ना? तसं नको. पायांनी चाला." मग फरशीचा गारवा आठवला, आधी टाच, मग चवडा. उंबरठ्याशी पाऊल जरा रेंगाळलं. १७ सेकंद. ताळा म्हणून बायकोला खरोखर चालायला लावलं, तिला १५ लागले. जाताजाता तिने कुकरखालचा गॅस बंद केला, तो वेळ वजा.

फ्रान्समधल्या देसेती, जानरो आणि प्राब्लांक या संशोधकांनी १९८९ साली हेच मोजलं होतं. ५, १० आणि १५ मीटरवरच्या खुणेपर्यंत एकदा खरं चालायचं, एकदा मनात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या निघाल्या. पाठीवर २५ किलोचं ओझं दिल्यावर गंमत झाली. खरं चालताना वेळ तेवढाच लागला, मनातल्या चालण्याला मात्र जास्त! जादा जोर लावायचा म्हणजे जादा वेळ, असा मनाचा हिशेब असावा.

पावलांची जुळणी करणारे मेंदूचे भाग अशा वेळी कामाला लागतात, फक्त स्नायूंना हुकूम सुटत नाही. चालणं घरातलं असेल तर जागा ओळखणारा, कानशिलाच्या आत खोलवरचा भागही जागा होतो. इंग्लंडमध्ये २००५ साली अपघात झालेली २३ वर्षांची एक तरुणी महिनोन्‌महिने कशालाच प्रतिसाद देत नव्हती. मेंदूसंशोधक एड्रियन ओवेन यांच्या गटाने तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, घरातल्या खोल्यांतून फिरून ये. तिचे तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसांचे उजळतात. पुढे अशाच एका रुग्णाने स्कॅनरमध्ये उत्तरं दिली: टेनिस खेळल्याची कल्पना केली की 'हो', घरात फिरल्याची केली की 'नाही'. ६ पैकी ५ प्रश्नांची उत्तरं बरोबर.

आमचा प्रयोग आठवडाभर चालला. माझे ते जादा दोन सेकंद काही जाईनात. शेवटी ताईंनी वाट बोलून दाखवायला लावली. पलंग, दार, उंबरठा, मग शिलाई मशीनला वळसा...

"कुठलं मशीन?" बायकोने विचारलं.

आईचं मशीन माळ्यावर जाऊन नऊ वर्षं झाली होती.