पाय स्वस्थ झोपू देत नाहीत, तेव्हा

‘पाय दुखत नाहीत डॉक्टर, पण आतून काहीतरी वळवळतं. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, पडलं की पुन्हा सुरू.’ माणमधल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार नेहमी येते. घरचे याला वात म्हणतात. वैद्यकशास्त्रात याचे नाव ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. संध्याकाळनंतर वाढणे, स्वस्थ बसल्यावर सुरू होणे आणि चालल्यावर थांबणे, ही याची खूण. पोटरीत गोळा येतो तो विकार वेगळा.

हल्ली काहीजण औषधाचे नाव घेऊनच येतात. पाठदुखीसाठी कोणीतरी दिलेली ट्रामाडॉलची कॅप्सूल घेतली आणि पाय शांत झाले, तीच लिहून द्या म्हणतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचे औषध. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही अफूचा अर्कच दिला होता. आजही तज्ज्ञ डॉक्टर काही हट्टी रुग्णांना (म्हणजे विकार हट्टी, रुग्ण नव्हे!) या जातीची औषधे अगदी कमी मात्रेत देतात.

पण ती शेवटची पायरी आहे. आधी रक्तातील फेरिटिन तपासावे. हिमोग्लोबिन चांगले असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, तर लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असले तरी या विकारात लोह देतात. पाळी जास्त जाणाऱ्या आणि गरोदर स्त्रियांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सर्दीच्या, उलटीच्या आणि उदासीनतेवरच्या काही गोळ्यांनीही पाय बिघडतात. त्या बदलता येतात. एवढ्याने भागले नाही तर गॅबापेन्टिन किंवा प्रेगाबालिन. पूर्वी प्रामिपेक्सोल आधी देत. त्याने आराम पडतो, पण काही वर्षांनी अनेकांत त्रास दुपारीच सुरू होतो, हातांतही येतो. म्हणून ते आता मागे पडले आहे.

अफूच्या जातीच्या औषधांनी बद्धकोष्ठ होते, गुंगी येते. यंत्रावर रात्रपाळी करणाऱ्याला ती गुंगी महागात पडेल. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. जोराने घोरणाऱ्यांनाही हा धोका आहे. ट्रामाडॉलने काहींना फिटही येते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय दुकानदाराने देऊ नये.

आणखी एक फसगत होते. सवय लागल्यावर हे औषध एकदम थांबवले, की पाय पूर्वीपेक्षा जास्त वळवळतात, घाम येतो, झोप उडते. माणसाला वाटते आजार वाढला, आणि तो आणखी एक कॅप्सूल घेतो. तेव्हा जे आधीपासून रोज घेत असतील त्यांनी ते मनाने बंद करू नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे, किती दिवस आणि किती घेतो ते खरे सांगावे. मात्रा हळूहळू उतरवता येते.