एका बटणात मावलेली शोकांतिका

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणं असतात: चौकोन, त्रिकोण, फुली आणि गोल. २००५ साली आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममध्ये गोल बटण दाबलं की नायक समोरच्या शत्रूला धरतो, आणि पुढच्या क्षणी त्याचे तुकडे करतो. कित्येक तास खेळून अंगठ्याला हे पाठ होतं. मग गेम संपत आलेला असताना तेच बटण एकदा भलतंच काहीतरी करतं. ग्रीक पुराणातून स्फुरलेला अँटीहिरो कसा घडवावा, याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर धडा त्या एका बटणात आहे.

या नायकाचं नाव क्रेटॉस. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका स्टुडिओत, डेव्हिड जॅफी यांच्या दिग्दर्शनाखाली तो जन्मला. त्याचं रूप चार्ली वेन यांनी रेखाटलं. क्रेटॉस स्पार्टाचा सेनानी. रणात मरण समोर दिसतं तेव्हा तो युद्धाचा देव एरीस याला हाक मारतो आणि आपलं आयुष्य त्याला वाहून टाकतो. एरीस त्याला साखळ्यांची दोन पाती देतो. त्या साखळ्या तापवून त्याच्या हातांच्या मांसात रुतवलेल्या असतात. पुढे एरीससाठीच तो एका गावावर तुटून पडतो, देवळात शिरून दिसेल त्याला कापत सुटतो आणि भानावर येतो तेव्हा पायाशी त्याची स्वतःची बायको आणि मुलगी पडलेली असतात. एरीसनंच त्यांना तिथे आणून ठेवलेलं असतं. गावातली भविष्यवेत्ती त्याला शाप देते: या दोघींची राख तुझ्या अंगाला जन्मभर चिकटून राहील.

ग्रीक पुराणकथा वाचलेल्याला इथे लगेच हेराक्लीस, म्हणजे आपल्या ओळखीचा हर्क्युलिस, आठवेल. हेरा देवी त्याच्यावर वेड सोडते आणि तो स्वतःच्या हातांनी आपली मुलं मारतो. युरिपिडीसनं इसवी सनपूर्व पाचव्या शतकात यावर नाटक लिहिलं. त्यात बायकोही त्याच्या हातून मरते. पुराणात क्रेटॉस नावाचाही एक जण आहे. प्रॉमिथियसला खडकाला जखडायला नेणाऱ्यांपैकी तो एक. पण गेममधल्या क्रेटॉसचं खरं नातं हेराक्लीसशीच आहे.

आता त्याच्या रूपाकडे बघा. या गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या हातात नसतो. डिझायनरांनी ठरवलेल्या जागेवरून, पुष्कळदा बरंच लांबून, तो दृश्य दाखवतो. डझनभर राक्षसांच्या गर्दीत नायक क्षणभरही हरवून चालत नाही. म्हणून त्याला दोनच ठळक रंग दिले: राखाडी-पांढरी कातडी आणि तिच्यावरून गेलेला लाल पट्टा. हा पट्टा आधी निळा होता, नंतर तो लाल झाला. चकित करणारी गोष्ट ही, की ज्या पांढऱ्या रंगामुळे तो गर्दीत उठून दिसतो, तोच रंग त्याचा शाप आहे. नजरेची सोय आणि कथेची जखम एकाच कातडीवर. पात्यांचंही तसंच. लांब साखळ्यांमुळे ती गरागरा फिरतात आणि चहूबाजूंनी आलेल्या शत्रूंना एकाच फटक्यात गाठतात. खेळायला मजा त्यामुळेच येते. आणि त्याच साखळ्या सांगतात की हा वीर कुणाचा तरी बांधलेला गुलाम आहे.

पण रूपानं अँटीहिरो पुरा होत नाही. ग्रीक शोकांतिकेत खून सहसा रंगमंचावर होत नसे. तो आत, नजरेआड होई; मग एक दूत धावत येऊन घडलेलं सांगे आणि प्रेक्षक ऐकून शहारत. गेममध्ये दूत नाही. जे घडतं ते खेळणाऱ्याच्या हातून घडतं. पँडोराच्या मंदिरात एके ठिकाणी दार उघडायला माणसाचा बळी लागतो. पिंजऱ्यात एक सैनिक जिवंत कोंडलेला आहे. तो पिंजरा चढावर ढकलत न्यायचा, मध्येच राक्षस चालून आले की त्यांच्याशी लढायचं, पुन्हा ढकलायचा. सैनिक गयावया करत असतो. शेवटी आग लावायची ती आपणच. दुसरी वाट नाही. एकतर हे करा, नाहीतर गेम बंद करा. क्रेटॉस क्रूर आहे हे कुणी आपल्याला सांगत बसत नाही, ते आपल्या तळव्यांना कळतं.

२०१०च्या तिसऱ्या भागात हे आणखी पुढे जातं. समुद्रदेव पोसायडनला मारताना कॅमेरा पोसायडनच्याच डोळ्यांत बसवलेला आहे. आपणच मारतोय आणि आपल्यालाच क्रेटॉसचा चेहरा अंगावर येताना दिसतोय. तो देव पडल्यावर समुद्र खवळून जमीन गिळतो. सूर्यदेव हेलिओस मेल्यावर आभाळ काळवंडतं. सूड एकाचा आणि किंमत साऱ्या जगाची, हे एकही प्रवचन न देता दिसतं.

आणि आता ते गोल बटण. पहिल्या भागाच्या शेवटी एरीस क्रेटॉसला त्याच्याच मनाच्या तळाशी फेकतो. तिथे बायको आणि मुलगी जिवंत उभ्या आहेत आणि त्यांना मारायला चालून येतात ते क्रेटॉसच, एकामागून एक, त्याच्यासारखे हुबेहूब. स्वतःपासूनच स्वतःच्या माणसांना वाचवायचं. त्या जखमी होत जातात. तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन गोल बटण दाबलं की क्रेटॉस त्यांना मिठीत घेतो आणि त्याच्या अंगातली जीवनशक्ती त्यांच्यात उतरते. तो स्वतः तेवढा कमजोर होतो. इतके तास ज्या बटणानं माणसं फाडली, त्याच बटणानं आता कवटाळायचं. लढाई जिंकल्यावरही एरीस ती पाती त्याच्या हातांतून ओरबाडून काढतो आणि त्यांनीच दोघींना पुन्हा मारतो. शेवटी देव त्याला पापांची क्षमा देतात, पण त्या आठवणी पुसून देत नाहीत.

२००८ साली रेडी ॲट डॉन या स्टुडिओनं हातात मावणाऱ्या पीएसपीसाठी या मालिकेचा एक भाग केला. त्यात क्रेटॉसला मृत मुलगी पुन्हा भेटते, पण जग वाचवायचं तर तिला सोडून जावं लागतं. ती बिलगते, आणि तिला दूर लोटायला खेळाडूला तेच गोल बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. २०१८ साली कोरी बारलॉग यांनी क्रेटॉसला उत्तरेच्या नॉर्स देवांच्या प्रदेशात नेलं, तेव्हा साखळ्यांचे व्रण पट्ट्यांखाली झाकलेले होते आणि सोबत एक मुलगा होता. त्या मुलाच्या पाठीवर ठेवायला उचललेला हात क्रेटॉस मध्येच मागे घेतो. मागचे भाग खेळलेल्याला त्या हाताचा इतिहास सांगावा लागत नाही.

पुराणातून पात्र उचलायचं म्हणजे नावं, शस्त्रं आणि राक्षस उचलणं, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. उचलायची ती त्या कथेतली न भरणारी जखम, आणि तिला जागा द्यायची खेळणाऱ्याच्या बोटांत. आपल्याकडे गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: नायकाचं चित्र काढायच्या आधी ठरवा, की त्याचं पाप कोणतं बटण दाबल्यावर घडणार, आणि त्याच बटणातून त्याला माणुसकी परत मिळवता येईल का.