मिशी, मास्क आणि रात्रीची झोप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा शेतकरी. आमच्या गावाचं नाव पाण्याच्या कामामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून गावाबद्दल वेगळं काही सांगत नाही. आज बोलणार आहे ते झोपेबद्दल आणि मिशीबद्दल. विषय ऐकून हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण हाच विषय एकदा माझ्या जिवाशी येऊन ठेपला होता.

माझं घोरणं घरात सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. वाड्यात पाहुणे आले, की मला ओसरीवर झोपायला पाठवायचे. पण आमच्या सौ.ला घोरण्याची भीती नव्हती, भीती होती ती घोरणं थांबण्याची. मध्येच आवाज बंद व्हायचा, छाती नुसती वरखाली व्हायची, श्वास मात्र नाही. मग एकदम गचका बसून पुन्हा सुरू. ती रात्र रात्र जागून माझ्याकडे बघत बसायची. मला सकाळी यातलं काही आठवायचं नाही. फक्त डोकं जड, तोंड कोरडं आणि आठ तास झोपूनही अंगात त्राण नाही.

एका पहाटे पिकअपमध्ये कांदा भरून नगरच्या मार्केटला निघालो होतो. वाडेगव्हाण फाट्यावरून हायवेला लागलो आणि सुप्याच्या पुढे केव्हा डोळा लागला ते समजलंच नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली, दोन गोण्या फुटल्या, एवढ्यावर निभावलं. त्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली. बोटाला, छातीला, नाकाला तारा लावून झोपायचं. निकाल आला, तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो. या दुखण्याचं नाव स्लीप ॲप्निया.

घशातला नळ मिटतो तेव्हा

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. आपण झोपलो, की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याची मान जाड, अंगात चरबी, जबडा लहान किंवा टॉन्सिल मोठे, त्याचा घसा आत ओढला जाऊन मिटतो. पाण्याची मोटर चालू आहे, पण मऊ पाइप चपटा झाल्यावर पाणी पुढे सरकत नाही, तसंच हे. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला, की तो एक प्रसंग धरतात. तासाला पाचपर्यंत चालतं. पंधराच्या वर मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अशी वर्षं गेली, की रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके चुकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो.

हे दुखणं वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. झोपेत श्वास बिघडणारे साडेएकोणीस टक्के निघाले आणि त्यासोबत दिवसा पेंग येणारे साडेसात टक्के. २०२३ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा आकडा सुमारे १० कोटी ४० लाख लोकांचा आला. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी हेच नाव सांगितलं आणि अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

मशीन आलं, मास्क बसेना

यावरचा सर्वांत चालणारा उपाय म्हणजे सीपॅप मशीन. डब्यातला पंखा हवा दाबाने ढकलतो, ती नळीतून मास्कमध्ये आणि मास्कमधून नाकात जाते. हवेचा तो दाब घशाला आतून टेकू देतो, म्हणून घसा मिटत नाही. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, साधारण ४ ते २०. मला ११ लागतो. म्हणजे बादलीत अर्धी वीत खोल पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच. पण बंधारा बांधलेल्या माणसाला सांगायला नको, की पाणी थोडं असो की जास्त, फट सापडली की ते वाट काढतंच. हवेचंही तसंच.

हे मशीन १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे आणलं. त्याआधी तीव्र रोग्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच मोठा उपाय होता. सुरुवातीच्या मशीनमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे आणि मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने नाकाला चिकटवावा लागे. त्या काळात माझ्यासारख्या मिशीवाल्याचं काय झालं असतं, कोण जाणे!

आता गोंद नाही, पण मिशी आहे. मास्कच्या कडेला सिलिकॉनची पातळ गादी असते. तिची आतली पापुद्र्यासारखी कड हवेनेच फुगते आणि त्वचेला चिकटून बसते. गुळगुळीत त्वचेवर ती छान बसते. केसांवर मात्र तिच्याखाली बारीक बारीक वाटा राहतात. माझ्या मास्कची खालची कड नेमकी मिशीवर यायची. रात्री तिथून शिट्टी वाजायची, हवा डोळ्यांत जायची, सकाळी डोळे लाल. मी पट्टे आवळत गेलो. नाकाच्या दांड्यावर जखम झाली, गळती काही थांबली नाही. तिसऱ्या आठवड्यात मशीन कपाटावर गेलं.

मास्क देणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "काका, मिशी काढून टाका, विषय संपला."

त्याच्या दृष्टीने खरंच संपला होता. पण आमच्याकडे मिशी कधी काढतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. वडील गेल्यावर, दहाव्याला. माझे वडील, आमचे आबा, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि सकाळी अंगणात काठी टेकत फिरत होते. ते हयात असताना कोऱ्या तोंडाने पारावर जायचं कसं? चार माणसं दचकून विचारतील. मी आठ दिवस गप्प होतो. शेवटी सौ.नेच आबांना सांगितलं. आबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अरे, मिशी परत उगवती. मी इथं धडधाकट बसलोय, लोकांना मी सांगतो काय सांगायचं ते. तू काढ." मला ते ऐकून फार बरं वाटलं. पण वस्तरा हातात घेण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारू म्हणून गेलो, आणि तेच बरं झालं.

केस नाहीत तिथे मास्क

डॉक्टर म्हणाले, "मिशी जपूनही मास्क बसवता येईल. मास्कची कड केसांवर न येता, केस नसतील तिथे आली पाहिजे." ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिला, नाक झाकणारा. त्याची कड नाकाच्या दांड्यावर, गालांवर आणि वरच्या ओठावर येते, म्हणजे मिशी आडवी येते. दाढी असलेल्याला मात्र तो चालू शकतो. दुसरा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. तो हनुवटीवर आणि गालांवर टेकतो, म्हणून दाढीवाल्याला तो सगळ्यांत अवघड. तिसरा, नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा. त्याला पिलो म्हणजे उशी म्हणतात. दोन छोट्या मऊ बोंड्या नाकपुड्यांच्या कडांना लागतात, ओठाला आणि गालाला त्यांचा फारसा संबंध येत नाही. मिशी-दाढीवाल्याने पहिल्यांदा हा बघावा. आता नाकाच्या खाली पाळण्यासारखा टेकणारा एक प्रकारही मिळतो. तो पिलोसारखाच दिसतो, पण वरच्या ओठाच्या टोकावर बसतो, म्हणून दाट मिशीला तो चालेलच असं नाही. दुकानात दोन्हींतला फरक विचारून घ्या.

मला पिलो बसली, पण एक तडजोड करावी लागली. नाकपुड्यांच्या अगदी खालची केसांची बारीक ओळ, पाव इंचाहून कमी, न्हाव्याकडून कमी करून घेतो. खालची मिशी पूर्वीसारखीच. पारावर आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पिलोची अडचणही सांगतो. नाक बंद असेल किंवा झोपेत तोंड उघडं राहत असेल, तर हवा तोंडाने निघून जाते. मला सुरुवातीला हनुवटीला पट्टा बांधावा लागला. मशीनला पाण्याचं भांडं असतं, त्याने हवा ओलसर होते आणि नाक कोरडं पडत नाही. ते वापरा, पाणी रोज बदला. दाब खूप जास्त असेल, तर पिलो नाकपुडीला टोचू शकते. तोंडाने श्वास घेण्यावाचून इलाज नाही अशा माणसाला मोठाच मास्क लागतो. पण अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेली शिफारस अशी, की शक्यतो नाकाचाच मास्क आधी द्यावा.

दाढी राखणाऱ्यांसाठी

दाढी धर्माची असेल, हौसेची असेल किंवा कातडीच्या त्रासामुळे राखलेली असेल. आपल्या नांदेडच्या शीख बांधवांना केस काढा म्हणून सांगणं म्हणजे त्यांना उपचारच नाकारणं. करोनाच्या काळात ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांपुढे असाच पेच आला. त्यांनी दाढी ताणल्या जाणाऱ्या पट्टीखाली घट्ट झाकून तिच्यावर संरक्षक मास्क बसवून पाहिला आणि चाचणीत तो बहुतेकांना नीट बसला. तो मास्क वेगळा, सीपॅपचा वेगळा, म्हणून ही युक्ती परस्पर घरी करू नका. पण इलाज शोधला तर सापडतो, एवढं त्यातून दिसतं.

दाढीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. दोन-तीन दिवसांचे खुंट गादीला लांब केसांपेक्षा जास्त छळतात, कारण ते ताठ असतात. वाढलेली, धुऊन विंचरलेली दाढी सपाट पडते. म्हणून एक तर रोज घोटा, नाही तर नीट वाढवा. मोठाच मास्क लागत असेल, तर सिलिकॉनऐवजी स्पंजाच्या गादीचा मागून पाहा, तो काहींच्या केसांवर जास्त चांगला बसतो.

बसवायचं कसं

आता माझ्या चुकांतून शिकलेलं सांगतो. मास्क दुकानात खुर्चीवर बसून पसंत करू नका. आडवे व्हा, मशीन चालू करायला लावा, कुशीवर वळून पाहा. झोपल्यावर गालाचं मांस सरकतं आणि फट तेव्हाच दिसते. नाकाचं माप घ्यायला लावा. विकत घेण्याआधी काही रात्री घरी वापरून बदलून मिळेल का, हे स्पष्ट विचारा.

गळती आली, की पट्टा आवळू नका. हवा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून जरा उचला आणि पुन्हा अलगद टेकवा, म्हणजे आतली कड फुगून बसते. पट्टा आवळला, की तीच कड चेपते आणि गळती वाढते. बंधाऱ्याच्या तळातून पाणी झिरपत असताना वर माती टाकून काही उपयोग नसतो, तसंच. मास्कला समोर बारीक भोकं असतात, तिथून येणारी हवा गळती नव्हे. उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी ती ठेवलेलीच असतात, ती कधीही बुजवू नका.

रात्री मिशीला खोबरेल तेल लावायची सवय असेल, तर ते सकाळी लावा. तेलाने गादी घसरते आणि लवकर खराब होते. झोपण्याआधी तोंड साबणाने धुवा, गादी रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. छातीत पेसमेकर असेल, तर चुंबकाच्या बटणांचा मास्क घेऊ नका. घरात दुसऱ्या कुणाला पेसमेकर असेल, तरी डॉक्टरांना सांगा. गावाकडे वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर मशीन किती वेळ चालतं, ते एकदा पाहून ठेवा.

मास्क बसला म्हणून बाकीचं पथ्य सुटत नाही. वजन उतरवलं तर दाबही कमी लागू शकतो. उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर बरं. दारूने घसा आणखी सैल पडतो. आमच्या गावात दारूची विक्री केव्हाच बंद झाली, हा आमचा फायदा. आणि एवढं सगळं करूनही मास्क बसला नाही, तर मिशी काढा. श्वासापुढे मिशी मोठी नाही, आणि आबांनी म्हटल्याप्रमाणे ती परत उगवते. फक्त पहिल्याच दिवशी कुणी काढ म्हणालं म्हणून मशीन कपाटावर ठेवून देऊ नका. माझं तीन आठवडे तिथं पडून होतं आणि तेवढे दिवस मी तीच पिकअप चालवत होतो, याची आता धास्ती वाटते.

तुमच्या घरात कुणी जोरात घोरत असेल आणि मध्येच गप्प होत असेल, तर उद्या डॉक्टरांकडे न्या. आमची सौ. आता रात्री शांत झोपते.