ऑफिस टाइम

मुलांनो, एखाद्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात लावलेले हे रोप तुम्ही नक्कीच पाहिले असेल. त्याची पाने बारीक, लांबट व मांसल असतात. फांद्या डब्याच्या काठावरून खाली लोंबतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यावर गुलाबी, पिवळी, केशरी फुले उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. कचेरीच्या वेळेला फुलते, म्हणून लोक त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. त्याचे दुसरे नाव चिनी गुलाब. खरे तर ते चीनचेही नाही आणि गुलाबही नाही! त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. घोळाची भाजी, जिला आपण उर्दूत कुल्फा म्हणतो, ती त्याची चुलत बहीण.

त्याचे एक पान बोटांनी चिरडून पाहा. बोटे ओली होतात. पानांत व खोडात पाणी साठवलेले असते. म्हणून दोन-तीन दिवस पाणी मिळाले नाही, तरी रोप सुकत नाही. नळाला तासभरच पाणी येते, अशा घरातही ते छान वाढते. उलट, जास्त पाण्याने ते मरते. मुळे कुजतात, खोड मऊ पडते, पाने गळतात. रोप मलूल दिसले की माणसे त्याला तहान लागली असे समजतात आणि आणखी तांब्याभर पाणी ओततात! तेव्हा आधी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

लागवड सोपी आहे. शेजाऱ्यांकडून बोटभर लांबीची फांदी मागून आणा. खालची पाने काढून ती एक दिवस सावलीत ठेवा, म्हणजे तुटलेली जागा सुकेल. डब्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडा. दोन भाग माती व एक भाग वाळू भरून त्यात फांदी खोचा. काही दिवसांत मुळे फुटतात. खत थोडेच घाला. खत फार झाले तर पाने वाढतात, फुले कमी येतात.

डब्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत फांद्या नुसत्या लांबत जातात. ढगाळ दिवशी फुले नीट उमलत नाहीत, म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात मात्र डबा वळचणीखाली ठेवा.

फूल उमललेले असताना मधल्या केसरांना काडीने हळूच स्पर्श करा. केसर हलू लागतात.