कारिवणा आणि ‘ब्राह्मी’ हा नामसंभ्रम

कारिवणा (सेंटेला एशियाटिका) ही गाजर, कोथिंबीर व ओवा यांच्या चामर कुलातील, पाणथळ जागी वाढणारी बहुवर्षायू वनस्पती होय. मंडूकपर्णी ती हीच. चरकसंहितेत मेध्य रसायनांमध्ये तिचा समावेश आहे. मात्र ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने ती आणि जलब्राह्मी (बॅकोपा मॉनिएरी) अशा दोन्ही वनस्पती ओळखल्या जातात. त्यांची कुले भिन्न, घटकद्रव्येही भिन्न: पहिलीत एशियाटिकोसाइड, दुसरीत बॅकोसाइड. शिवाय दोघींनाही ओलावाच प्रिय! म्हणून भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावी ब्राह्मी शोधणाऱ्याने नावापेक्षा पान पाहावे. कारिवण्याचे पान लांब देठाचे, वृक्काकार व दातेरी कडेचे असते. जलब्राह्मीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात. चूर्णात ही खूण उरत नाही. तेथे सूक्ष्मदर्शकीय वा रासायनिक परीक्षणच करावे लागते.